अर्ध्या तासाचे आकाश

काही छंद गरिबाच्या घरीही सुखाने नांदतात. शिंपले गोळा करावेत, पाखरांची पिसे वहीत जपून ठेवावीत, संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर जाऊन पतंग उडवावा. या साऱ्यांना वेळ लागतो. पैसा फारसा लागत नाही. पण आपणच पतंग होऊन आकाशात जावे असे ज्याला वाटू लागते, त्याच्या छंदाची जात निराळी. हा छंद घड्याळ लावून पैसे मागतो. विमान जमिनीवरून उठले की हिशेब सुरू होतो, आणि चाके पुन्हा टेकेपर्यंत मिनिटामिनिटाचे मोल चढत राहते. एखाद्या धनिकाला असा छंद लागला तर त्यात नवल नाही. लंडनमधल्या एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करणाऱ्या मुलीला तो जडला, म्हणून त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे.

तिचे नाव ॲमी जॉन्सन. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल या बंदरात १ जुलै १९०३ रोजी तिचा जन्म झाला. वडिलांचा मासळीचा व्यापार होता. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण दारी विमान बाळगावे अशातले नव्हते. चार बहिणींत ॲमी थोरली. शेफील्डच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून ती पदवीधर झाली आणि त्या काळच्या सुशिक्षित मुलींच्या वाट्याला बहुधा जे येई, तेच तिच्याही वाट्याला आले. दुसऱ्याने सांगावे, हिने टिपून घ्यावे आणि टंकयंत्रावर उतरवून त्याच्या सहीसाठी पुढे ठेवावे. काम वाईट नव्हते. मालकाचा तिच्यावर विश्वासही होता. पण कचेरीच्या खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्यावर एखाद्याचे समाधान होते, एखाद्याचे होत नाही.

विमानाशी तिची पहिली भेट मात्र अगदी साधी झाली होती. १९२६ साली हलमध्ये, पैसे घेऊन लोकांना विमानातून फिरवून आणणारी एक मंडळी आली होती. पाच शिलिंग मोजून ॲमी आपल्या बहिणीबरोबर विमानात बसली. एक घिरटी झाली आणि विमान खाली आले. गंमत वाटली, वेड लागले नाही. वेड लागले ते पुढे, आणि तेही पाय जमिनीवर असताना.

१९२८ च्या वसंत ऋतूत एका रविवारी ती बसच्या वरच्या मजल्यावर बसून लंडनच्या उत्तर टोकाला गेली. तेथे स्टॅग लेन नावाचे विमानांचे मैदान होते. छोटी छोटी, दोन पंखांची विमाने गवतावरून धावत, उडत, वळत आणि पुन्हा गवतावर येऊन टेकत. ॲमी कडेला बसून पाहत राहिली. तिला कोणी हटकले नाही. शेवटी धीर करून तिने तेथल्या एका वैमानिकाला विचारले की, हे शिकायला किती खर्च येतो?

उत्तर ऐकून तिला आश्चर्य वाटले. कारण तिने मनाशी धरला होता त्यापेक्षा आकडा पुष्कळच लहान होता. त्याचे कारण असे होते की, सामान्य माणसांनीही विमान चालवायला शिकावे म्हणून ब्रिटिश सरकार १९२५ पासून अशा क्लबांना मदत देत होते. लंडन एअरोप्लेन क्लब हा त्यांतलाच एक. सरकारी मदतीमुळे तेथे तासाला दीड-दोन पौंडांत शिकता येई. त्या काळी वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे. म्हणजे तासाला तीस-चाळीस शिलिंग झाले. शिवाय प्रवेशाचे आणि वर्षाच्या वर्गणीचे पैसे वेगळे. 'स्वस्त' या शब्दाला काही ठरीव अर्थ नसतो, हेच खरे. मोटार बाळगणाऱ्याला जे स्वस्त, ते आठवड्याच्या पगारावर खोलीचे भाडे, जेवण आणि बसचे तिकीट भागवणाऱ्या मुलीला स्वस्त कसे असेल? तरी तिने नाव नोंदवले.

इतका पैसा जातो तरी कोठे, असे कोणालाही वाटेल. पेट्रोल तर डोळ्यांना दिसते. पण ते खर्चाचा एक वाटा झाले. इंजिन ठरावीक तास चालले की ते खोलून, त्याचा भाग न् भाग तपासून पुन्हा जुळवावे लागते. विमानाच्या पंखांवर ताणलेले कापड विरते, फाटते, त्याला रोगण द्यावे लागते. विमान उन्हापावसात ठेवता येत नाही, म्हणून त्याला घर हवे. विमा हवा. शिकवणारा हवा आणि यंत्रे राखणारा हवा. दोघांनाही पगार हवा. गोठ्यातली म्हैस दूध देवो न देवो, तिची वैरण चुकत नाही, विमानाचेही तसेच. ते नुसते उभे असले तरी खात असते. हा सारा खर्च शेवटी उडण्याच्या तासांवर वाटला जातो आणि शिकणाऱ्याच्या हाती त्याचे बिल येते.

स्टॅग लेनची विमाने 'मॉथ' जातीची होती. मॉथ म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. ही विमाने बनवणारे जेफ्री डी हॅविलंड यांना कीटकांच्या अभ्यासाची मोठी हौस होती. त्यांनी या विमानाचे पंख पतंगाच्या पंखांसारखे मागे मिटता येतील असे केले आणि नावही तेच दिले. विमानात एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. पुढे शिक्षक, मागे शिष्य. दोघांच्या मध्ये एक बोलनळी. ती शिरस्त्राणाच्या कानांशी जोडलेली असे आणि इंजिनाच्या गडगडाटात शिक्षकाचे शब्द तीतून कसेबसे पोहोचत.

१५ सप्टेंबर १९२८ रोजी ॲमीचा पहिला धडा झाला. तिला दिलेले शिरस्त्राण डोक्याला फार मोठे होते. त्यामुळे बोलनळीची टोके कानांवर नीट बसेनात. शिक्षक सांगत एक आणि हिला ऐकू येई भलतेच, किंवा काहीच नाही. शिक्षकांना वाटले, या मुलीला काही समजत नाही. खाली उतरल्यावर त्यांनी तिच्याविषयी फारसे चांगले मत दिले नाही. शिरस्त्राणाचा दोष डोक्याच्या पदरी पडला तो असा! मैदानावर जमलेल्या पुष्कळांना बहुधा वाटले असेल की, ही आता पुन्हा येणार नाही. ती पुढच्या खेपेला आली.

येथून पुढची गोष्ट वेगाने सांगता येणार नाही, कारण ती वेगाने घडलीच नाही. धडा बहुधा अर्ध्या तासाचा असे. त्या अर्ध्या तासासाठी आधी नाव लावावे, आपली पाळी कधी येते ते पाहावे, सुटीचा दिवस गाठावा, दूरचा प्रवास करून मैदानावर जावे. आणि तेथे पोहोचल्यावर पाहावे तो धुके! इंग्लंडच्या हिवाळ्यात आकाश कधी दिसेल याचा भरवसा नसतो. कधी धुके, कधी पाऊस, कधी सोसाट्याचा वारा. धडा झाला नाही म्हणजे पैसे वाचले असे म्हणावे, तर तेही खरे नव्हते. हात एकदा शिकलेले फार दिवस धरून ठेवत नाहीत. विमान जमिनीला टेकवण्याच्या क्षणी दांडा किती मागे ओढावा, हे पुस्तकातून येत नाही. ते मनगटाला कळावे लागते आणि मनगट विसराळू असते. पंधरा दिवसांनी पुन्हा बैठकीत बसावे, तेव्हा अर्ध्या तासातली पहिली दहा-पंधरा मिनिटे मागचे आठवण्यातच जात. तेवढी मिनिटे तिने पुन्हा विकत घेतलेली असत. ज्याच्याजवळ पैसा आहे तो रोज उडतो, म्हणून लवकर शिकतो आणि त्याला एकंदरीत कमी पैसे पडतात. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला तीच विद्या महाग पडते.

याच सुमारास मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्येही 'मॉथ' विमानांवर शिक्षण सुरू झाले होते. तेथे चोवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा शिकायला आले. जानेवारीतले मुंबईचे निरभ्र आकाश, मनासारखा वेळ आणि जात्याच विमानाचे वेड. चार तासांहूनही कमी शिक्षण झाले असताना ते एकटे उडाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला आणि भारतात वैमानिकाचा परवाना मिळवणारे ते पहिले ठरले. त्यांच्या अंगी गुण होतेच. पण सात समुद्रांपलीकडे त्याच जातीच्या विमानात बसलेली ॲमी अजून मागच्या धड्याची आठवण करीत होती. तिला एकटीने उडण्याची परवानगी मिळाली ती ९ जून १९२९ रोजी. तोवर तिचे शिक्षण जवळजवळ सोळा तासांचे झाले होते. कॅलेंडरात मोजले तर नऊ महिन्यांचे. त्या दिवशी पुढची बैठक रिकामी होती. शिक्षकांचे डोके दिसत नव्हते, त्यामुळे समोरचे आकाश एकदम मोठे झाले. पुढच्या महिन्यात तिला परवाना मिळाला.

परवाना मिळाला, पण विमान कोठे होते? एकटीने उडण्याचेही तासावारी पैसे पडतच होते. मैदानावर येऊन आपली पाळी नसताना नुसते बसून राहण्याचे दिवस मात्र फुकट होते. त्या दिवसांत तिचे लक्ष विमानघराकडे गेले. तेथे विमाने उघडी पडलेली असत. एखाद्याचे इंजिन काढलेले, एखाद्याच्या पंखाचे कापड उतरवून आतल्या लाकडी फासळ्या दिसत असलेल्या. आकाश तासावर विकले जात होते; पण येथे, या तेलकट फरशीवर, ज्ञानाला दर लावलेला नव्हता. त्याची किंमत श्रमाने देता येत होती.

जॅक हंफ्रीज हे तेथले मुख्य यंत्रज्ञ. त्यांच्या हाताखाली काम करू द्यावे, अशी तिने विनंती केली. स्त्रीने यावे अशी ती जागा नव्हती. तेथल्या कामगारांना प्रथम वाटले, ही बाई दोन दिवस हौस करील आणि हाताला वंगण लागले की निघून जाईल. ती निघून गेली नाही. कचेरी उघडण्यापूर्वी पहाटे ती विमानघरात येई. कचेरी सुटली की पुन्हा येई. फरशी झाडावी, भांड्यातले काळे तेल ओतून टाकावे, ठिणगी पाडणारे प्लग घासून स्वच्छ करावेत, झडपांमधले अंतर मोजावे, तुटलेल्या तारेला सांधा द्यावा, फाटक्या पंखाला ठिगळ शिवावे. मग हात धुवावेत आणि टंकयंत्रासमोर जाऊन बसावे. नखांतले तेल काही सगळे जात नसे. कचेरीतले पांढरे कागद तिने कसे सांभाळले असतील, कोण जाणे! हळूहळू कामगारांनी तिला आपल्यात घेतले आणि 'जॉनी' हे पुरुषी नाव देऊन टाकले. त्या जगात याहून मोठी पदवी नव्हती.

१९२९ च्या डिसेंबरात तिने इंजिनांच्या देखभालीचा 'सी' परवाना मिळवला. ब्रिटनमध्ये हा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री होय. कचेरीची नोकरी सोडून तिने सारा वेळ याच कामाला दिला. आता या टप्प्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाही तर हकिकत गोड होईल पण खरी राहणार नाही. नोकरी सुटल्यावर तिचा खर्च वडिलांनी चालवला. मासळीच्या व्यापारातला पैसा त्यांनी मुलीच्या इंजिनात घातला. बाप म्हणून त्यांना काळजी वाटली नसेल असे नाही; पण त्यांनी हात आखडता घेतला नाही. लेकीच्या नावाची पुढे जी पाटी लागली, तिच्या एका कोपऱ्यात त्यांचेही नाव असायला हवे.

आता ॲमीच्या मनात एकच होते: एकटीने ऑस्ट्रेलियाला उडत जायचे. कोणा स्त्रीने तोवर ते केले नव्हते. त्यासाठी स्वतःचे विमान हवे होते. तिने मदतीसाठी पत्रांमागून पत्रे लिहिली. बहुतेकांनी नाही म्हटले. जिने लंडनहून हलपलीकडे कधी मोठी मजल मारली नाही, तिच्यावर पैसे लावणार कोण? शेवटी विमानखात्याचे एक थोर अधिकारी सर सेफ्टन ब्रँकर यांनी तिच्यासाठी शब्द टाकला आणि तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड तयार झाले. अर्धा पैसा त्यांनी दिला, अर्धा वडिलांनी. सहाशे पौंडांना एक वापरलेले 'जिप्सी मॉथ' विमान घेतले. त्याला गडद हिरवा रंग दिला आणि वडिलांच्या मासळीच्या व्यापारात जी 'जेसन' ही खूण चाले, तेच नाव त्याच्यावर चढले.

५ मे १९३० रोजी क्रॉयडनच्या विमानतळावरून ती निघाली. विमानात संदेशयंत्र नव्हते. वेग ताशी ऐंशी-नव्वद मैलांचा. मार्ग अकरा हजार मैलांचा. दिवसभर उडावे आणि मुक्कामाला पोहोचल्यावर विश्रांती घेण्याऐवजी इंजिनासमोर उभे राहावे. इतर वैमानिकांचा दिवस विमान उतरले की संपे. तिचा तेथून पुन्हा सुरू होई. पेट्रोल गाळून भरावे, प्लग तपासावेत, तेल बदलावे. मग दोन-तीन तासांची झोप. बगदादच्या वाटेवर वाळूचे वादळ उठले, तेव्हा तिला वाळवंटातच उतरावे लागले. विमान वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून तिने सामानसुमान चाकांना लावून ते अडवून धरले. सहा दिवसांत ती कराचीला पोहोचली. इतक्या लवकर इंग्लंडहून तेथवर तोपर्यंत कोणी एकट्याने आले नव्हते. जगाला तिचे नाव कळले ते त्या दिवशी.

कराचीहून ती अलाहाबादला जायला निघाली. पण समोरच्या वाऱ्याने पेट्रोल संपत आले. खाली झाशी होती. पलटणीच्या कवायतीचे मैदान पाहून तिने विमान खाली आणले. शिपायांची पांगापांग झाली, विमान आडोशाला जाऊन धडकले आणि एका पंखाला इजा झाली. झाशीच्या सुताराने तो पंख सांधून दिला. त्याने यापूर्वी विमान हाताळले असेल असे वाटत नाही. पण पंख आतून लाकडाचा होता आणि लाकूड त्याच्या ओळखीचे होते. पुढे ब्रह्मदेशात रंगूनजवळ इन्सीन येथे याहून मोठा अपघात झाला. पावसाच्या झोडीत चुकीच्या मैदानावर उतरताना विमान खड्ड्यात गेले. पंख फाटला, पुढचा पंखा मोडला, चाकांचा सांगाडा वाकला. तेथे तंत्रशिक्षणाची एक संस्था होती. तेथल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी दुरुस्ती हाती घेतली. मोडलेल्या पंख्याच्या जागी लावायला दुसरा पंखा तिने बरोबर घेतलाच होता. पण पंखासाठी कापड कोठून आणायचे? महायुद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचे कोणी शर्ट शिवले होते. ते शर्ट उसवून त्यांची ठिगळे पंखावर बसली. काय जोडायचे, कसे जोडायचे आणि जोडलेले टिकेल की नाही, हे सांगायला तेथे हंफ्रीज नव्हते, जॉनी होती.

२४ मे १९३० रोजी ती ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे उतरली. प्रवासाला साडेएकोणीस दिवस लागले होते. बर्ट हिंकलर यांनी दोन वर्षांपूर्वी हेच अंतर सुमारे साडेपंधरा दिवसांत कापले होते. तो विक्रम मोडला गेला नाही. झाशी आणि रंगूनने तिचे दिवस खाल्ले. ती निराश झाली. पण लोकांना त्याची पर्वा नव्हती. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत आलेली ती पहिली स्त्री होती. सरकारने मानाची पदवी दिली. एका वर्तमानपत्राने दहा हजार पौंड देऊ केले. दोन वर्षांपूर्वी जिला अर्धा तास विकत घेताना विचार करावा लागे, तिला आता आकाश हवे तितके मिळाले. त्याचीही किंमत होतीच. गावोगावी सत्कार, भाषणे, हस्तांदोलने. इंजिनाशेजारी रात्र काढताना न थकलेली मुलगी या गर्दीने इतकी थकली की, तिचा दौरा अर्ध्यावरच थांबवावा लागला.

पुढे तिने आणखी पुष्कळ लांबचे प्रवास केले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर कारखान्यातून आणि तळांवरून विमाने हव्या त्या ठिकाणी पोहोचवण्याच्या कामात ती १९४० साली दाखल झाली. ५ जानेवारी १९४१ रोजी असेच एक विमान ऑक्सफर्डजवळच्या तळावर नेताना वाईट हवेत ती वाट चुकली आणि टेम्स नदीच्या मुखाशी पाण्यात उतरली. तिला वाचवण्याचा प्रयत्न झाला. तो साधला नाही. तिचा देह सापडला नाही. त्या वेळी ती सदतीस वर्षांची होती.

जेसन मात्र आहे. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात छताखाली ते हिरवे विमान टांगून ठेवले आहे. खालून पाहणाऱ्याला ते फार लहान दिसते. दोन बैठका, दोन जोड पंख आणि नाकाशी एक इंजिन. ज्याचा प्रत्येक भाग कधी काळी पहाटेच्या दिव्यात एका मुलीच्या हातून गेला होता.